मरुभूमीतील सुवर्णवारसा : जैसलमेरच्या वास्तू आणि आपले उत्तरदायित्व

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

 

पन्नास वर्षांचा प्रवास पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर बोलण्याची संधी मिळणे हे मी माझे भाग्य समजतो. मी विद्वान नाही, पंडितही नाही. आयुष्यभर स्थापत्य अभियंता म्हणून विटा, चुना, दगड आणि सिमेंट यांच्या सहवासात राहिलो. त्यामुळे विश्वस्तांनी विषय विचारला तेव्हा मनात पहिले नाव आले ते जैसलमेरचे. तीर्थयात्रेच्या निमित्ताने मी तेथे तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी यात्रेकरू म्हणून गेलो, दुसऱ्या वेळी अभियंता म्हणून आणि तिसऱ्या वेळी, खरे सांगायचे तर, एक अपराधी म्हणून. त्या अपराधाविषयी शेवटी सांगेन.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे पूर्वज चार-पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून महाराष्ट्रात आले. येथील मातीशी, मराठी भाषेशी आपण एकरूप झालो. तरीही लग्नकार्यात कुलदेवीचे नाव निघाले की ओसियां आठवते, आणि यात्रेचा विषय निघाला की नाकोडा, जैसलमेर, लोद्रवा ही नावे ओठांवर येतात. म्हणून या वाळवंटातील वास्तूंकडे केवळ पर्यटनस्थळे म्हणून पाहणे आपल्याला शोभणारे नाही. ते आपल्या घरचे जुने दप्तर आहे.

लोद्रव्याहून त्रिकूटावर

थर वाळवंटाच्या पश्चिम भागात, जेथे वर्षाकाठी सरासरी सात-आठ इंच पाऊस पडतो, तेथे भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा होती. काक नदीच्या काठी वसलेले हे नगर आक्रमणांमुळे असुरक्षित झाले. तेव्हा रावळ जैसल यांनी तेथून सुमारे १६ किलोमीटरवर असलेल्या त्रिकूट टेकडीची निवड केली आणि परंपरेने सांगितलेल्या इसवी सन ११५६ या वर्षी नव्या दुर्गाची पायाभरणी केली. जैसलचा मेरू तो जैसलमेर.

सभोवतालच्या वाळूतून सुमारे अडीचशे फूट उंच उठलेली ही टेकडी, तिच्यावर पिवळ्या दगडाची तटबंदी आणि तटबंदीला नव्व्याण्णव बुरूज. यांतील बहुसंख्य बुरूज सतराव्या शतकात बांधले गेले. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे एकामागून एक चार दरवाजे ओलांडत, वळणावळणाने चढत आपण आत जातो. संध्याकाळच्या उन्हात हा सारा दगड सोन्यासारखा उजळतो. सत्यजित राय यांनी १९७४ साली ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट काढला आणि सोनेरी किल्ला हे नाव घरोघरी पोहोचले.

तथापि या दुर्गाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या सोनेरी रंगात नाही. आपल्या सह्याद्रीतील बहुतेक गडांवर आज वाऱ्याशिवाय कोणी राहत नाही. जैसलमेरच्या कोटात मात्र आजही काही हजार लोक राहतात. तेथे चुली पेटतात, मुले शाळेत जातात, लक्ष्मीनाथाच्या मंदिरात आरती होते आणि जिनालयांत प्रक्षाळ-पूजा होते. साडेआठ शतकांपेक्षा जुनी आणि आजही वसलेली अशी वास्तू जगात फार थोडी आहे. २०१३ साली युनेस्कोने राजस्थानातील सहा पहाडी दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत जैसलमेरचा समावेश आहे.

सात क्षेत्रांपैकी तीन एका जागी

आपल्या परंपरेत दानासाठी सात क्षेत्रे सांगितली आहेत. जिनबिंब, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. यांपैकी पहिली तीन क्षेत्रे एकाच चौकात, हाताच्या अंतरावर पाहायची असतील तर जैसलमेरच्या दुर्गात जावे.

येथील श्री चिंतामणी पार्श्वनाथाचे मंदिर विक्रम संवत १४७३ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्या वेळी गादीवर असलेल्या रावळ लक्ष्मण यांच्या नावावरून या जिनालयाला ‘लक्ष्मणविहार’ असे नाव मिळाले. वैष्णव राजाच्या किल्ल्यात जैन मंदिर उभे राहते आणि संघ त्या मंदिराला राजाचे नाव देतो, यातील परस्परस्नेह लक्षात घेण्यासारखा आहे. मूलनायक प्रतिमा लोद्रव्याहून आणली अशी परंपरा आहे. राजधानी हलली तेव्हा श्रावकांनी घरातील चीजवस्तूंबरोबर देवालाही सांभाळून नेले.

त्याच परिसरात पुढील शंभर वर्षांत संभवनाथ, चंद्रप्रभ, शीतलनाथ, शांतिनाथ, कुंथुनाथ, ऋषभदेव यांची जिनालये उभी राहिली. जागा अपुरी असल्याने ती एकमेकांना चिकटून, एकातून दुसऱ्यात वाट काढीत बांधली गेली. तोरणांवरील कमानी, स्तंभांवरील अप्सरा, छताच्या मध्यातून खाली झुकलेली पाषाणाची कमळे पाहताना आबूची आठवण होते. फरक एवढाच की आबूला संगमरवर आहे आणि येथे घरच्या खाणीतला साधा पिवळा दगड. दूरवरून मौल्यवान पाषाण आणण्याऐवजी पायाखालच्या दगडातून स्वर्ग घडविण्याची ही दृष्टी मला अभियंता म्हणून फार मोलाची वाटते.

लोद्रव्याचे जुने जिनालय उद्ध्वस्त झाले होते. सतराव्या शतकात थाहरू शाह भणसाळी या श्रावकाने त्याचा जीर्णोद्धार केला. विक्रम संवत १६७५ मध्ये प्रतिष्ठा झाली. मंदिरासमोरचे नाजूक तोरण आणि शिखराजवळचा कल्पवृक्ष यात्रेकरूंच्या चांगल्या परिचयाचे आहेत. परंतु मला विचार करावासा वाटतो तो थाहरू शाह यांच्या निर्णयाचा. ते गाव ओस पडले होते. राजधानी जाऊन जवळजवळ पाच शतके उलटली होती. नवे मंदिर त्यांनी जैसलमेरच्या भर बाजारात बांधले असते तर रोज शेकडो लोकांनी त्यांचे नाव घेतले असते. त्यांनी मोडलेल्या जागी जाऊन मोडलेले मंदिर उभे केले. नूतन जिनालयापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, हे आपण व्याख्यानात ऐकतो. थाहरू शाह यांनी ते आचरणात आणले.

तळघरातील श्रुतधन

संभवनाथ जिनालयाच्या खाली एक तळघर आहे. खरतरगच्छाचे आचार्य श्री जिनभद्रसूरी यांनी पंधराव्या शतकात तेथे ज्ञानभांडार स्थापन केले. गुजरात आणि राजस्थानातील अस्थिर काळात ठिकठिकाणच्या पोथ्या या दुर्गम किल्ल्यात आणून ठेवल्या गेल्या. वाळवंटाची कोरडी हवा, भूमिगत खोलीतील स्थिर तापमान आणि प्रकाशाचा अभाव यामुळे ताडपत्रे टिकली. ज्या प्रदेशात ताडाचे झाड उगवत नाही, तेथे ताडपत्रांचा एवढा मोठा संग्रह सुरक्षित राहावा, ही आपल्या पूर्वजांच्या नियोजनाची साक्ष आहे. विक्रम संवत १११७ मध्ये लिहिलेली ओघनिर्युक्तीच्या वृत्तीची प्रत येथे आहे. ताडपत्रांचे रक्षण करणाऱ्या लाकडी पट्ट्यांवरील रंगीत चित्रे तर पश्चिम भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील आरंभीचे टप्पे मानली जातात.

या भांडाराशी मराठी माणसाचे एक जवळचे नाते आहे, ते आज आवर्जून सांगतो. उद्योतनसूरी यांनी शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या बोलीत बोलतो आहे. त्यांत मरहट्टा, म्हणजे मराठी माणूसही आहे. काटक, सावळा, सोशिक, पण अभिमानी आणि भांडखोर! त्याच्या तोंडचे दोन शब्दही ग्रंथकाराने नोंदविले आहेत. मराठी भाषेच्या प्राचीनत्वाचा विचार करताना अभ्यासक या उल्लेखाकडे आवर्जून वळतात.

या ग्रंथाची विक्रम संवत ११३९ मधील ताडपत्रावरील प्रत जैसलमेरच्या भांडारात राहिली आणि कागदावरील एक प्रत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत राहिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक असलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी या प्रतींच्या आधारे ग्रंथाचे चिकित्सक संपादन केले. मूळ पाठ १९५९ साली सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. लिहिले जालोरला, राखले जैसलमेरने आणि जगापुढे मांडले कोल्हापूरच्या एका दिगंबर विद्वानाने. पंथभेदाची कुंपणे ज्ञानाच्या क्षेत्रात किती खुजी असतात, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी १९५० साली पायी विहार करीत जैसलमेरला गेले आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले. विस्कळीत झालेली पाने जुळविणे, पोथ्यांची सूची करणे, त्या नव्याने बांधून ठेवणे हे काम त्यांनी सहकाऱ्यांसह उन्हाळा-हिवाळ्याची पर्वा न करता केले. पुढे मुनिश्री जंबूविजयजींनीही या भांडारासाठी मोठे कार्य केले. बांधणारे हात इतिहासात दिसतात. सांभाळणारे हात शोधावे लागतात.

व्यापाऱ्यांचे वैभव, शिलावटांचे हात

किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या शहरात हवेल्यांचे वैभव आहे. सिंध आणि त्यापलीकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांचा हा मार्ग. जरी, वस्त्रे, अफू, सावकारी यांतून येथील व्यापारी संपन्न झाले. ओसवाल बाफना गोत्रातील गुमानचंद पटवा यांनी १८०५ च्या सुमारास आपल्या पाच पुत्रांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या. काम पुरे होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. या पुत्रांपैकी जोरावरमल बाफना यांची पेढी होळकरांच्या इंदूर संस्थानाशी निगडित होती आणि याच घराण्यातील सर सिरेमल बापना १९२६ ते १९३९ या काळात इंदूर संस्थानाचे पंतप्रधान होते. मराठी राज्यकर्ते आणि मरुभूमीतील जैन श्रेष्ठी यांचा संबंध असा जुना आहे. शहराबाहेर अमरसागर तलावाच्या काठी असलेले आदिनाथ जिनालयही याच बाफना घराण्यातील हिम्मतराम यांनी एकोणिसाव्या शतकात बांधले.

पटवा हवेलीचे झरोके पाहताना वाटते की दगडाची जाळी विणली आहे. परंतु हे केवळ नटणे-मुरडणे नव्हे. जाळीच्या लहान छिद्रांतून हवा आत येते आणि ऊन बाहेर अडते. भिंतीवरील उठावदार नक्षीची सावली भिंतीवरच पडते, त्यामुळे दगड कमी तापतो. अरुंद गल्ल्या एकमेकींना सावली देतात. आतला चौक रात्रीचा गारवा धरून ठेवतो. विजेचा पंखा नसताना पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हाळ्यात माणसे सुखाने राहत, याचे रहस्य या कोरीव कामात दडले आहे.

आणि हे कोरीव काम कोणाचे? शिलावटांचे. त्यांतील अनेक कारागीर मुसलमान होते. १८८५ मध्ये पूर्ण झालेली दिवाण नथमल यांची हवेली हाथी आणि लालू या दोन भावांनी उजवी-डावी वाटून घेऊन घडविली असे सांगतात. दोन्ही बाजू दुरून सारख्या दिसतात, जवळ गेल्यावर बारकावे वेगळे निघतात. दोन हातांनी एकच नमस्कार करावा तशी ती हवेली आहे.

पाण्यासाठी बांधले, पाण्यानेच खचू लागले

आता मी माझ्या दुसऱ्या भेटीकडे वळतो. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तेव्हा या सुवर्णदुर्गाच्या तटाला गेलेले तडे दिसले, भिंतींच्या पायथ्याशी ओल दिसली. वाळवंटात ओल!

हा किल्ला थोड्या पाण्यासाठी बांधला गेला होता. चौदाव्या शतकात रावळ घडसी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला गडीसर तलाव आणि काही विहिरी एवढाच आधार. स्त्रिया डोक्यावर घागरी घेऊन गड चढत. घरटी दोन-चार घागरींत दिवस भागे. जे थोडे पावसाचे पाणी पडे ते ‘घूट नाली’ नावाच्या जुन्या रचनेतून चारी दिशांनी टेकडीबाहेर जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले. पर्यटक वाढले, कोटातील जुन्या घरांची अतिथिगृहे झाली, प्रत्येक खोलीला स्नानगृह आले. पाणी वर चढविण्याची सोय झाली, पण ते खाली उतरविण्याची सोय त्या मानाने झाली नाही. गळके नळ आणि अपुरी गटारे यांतून पाणी टेकडीत मुरू लागले. वरच्या दगडाखाली मऊ, मातीसारखे थर आहेत. ते भिजले की फुगतात, सरकतात आणि वरचा भार पेलेनासे होतात.

परिणाम व्हायचा तो झाला. काही बुरूज ढासळले. १९९६ साली जागतिक स्मारक निधीने संकटग्रस्त वास्तूंची आपली पहिली सूची प्रसिद्ध केली, तीत जैसलमेरचे नाव होते. १९९८ साली तटबंदीचा भाग कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारी आणि खासगी संस्थांच्या सहकार्याने मलनिःसारणाची, दुरुस्तीची बरीच कामे झाली. तरीही ऑगस्ट २०२४ मधील मोठ्या पावसात तटाचा काही भाग पुन्हा ढासळला.

बंधू-भगिनींनो, आपला धर्म पाण्याच्या प्रत्येक थेंबात जीव पाहतो. अप्काय जीवांची जयणा करावी, पाणी गाळून आणि मोजून वापरावे, हे संस्कार आपल्याला बालपणी मिळाले. त्या श्रावकांच्या घरांत पाणी तुपासारखे वापरले जाई असे वृद्ध सांगतात. संयम हा केवळ आत्म्याच्या कल्याणाचा उपाय आहे असे मला तोपर्यंत वाटत होते. जैसलमेरला कळले की तो भिंतीचाही आधार असतो. आठ शतके त्या टेकडीला संयमाने तोलून धरले आणि पन्नास वर्षांच्या असंयमाने तिला भेगा पाडल्या.

माझी आलोचना

आता ज्या अपराधाचा आरंभी उल्लेख केला, तो सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका लहान गावच्या संघाने मला सल्ला विचारला. त्यांचे जिनालय चुन्यात बांधलेले, मातीच्या जाड भिंतींचे होते. सभामंडपाच्या भिंतीवर श्री शत्रुंजय तीर्थाचा पट जुन्या रंगांत चितारला होता. कोपऱ्यात थोडी ओल होती. मी तरुण होतो, सिमेंटवर माझी श्रद्धा होती. चुन्याचा जुना गिलावा काढून बाहेरून सिमेंटचा गिलावा करावा आणि खाली संगमरवर बसवावा, असा सल्ला मी दिला. संघाने विश्वास ठेवला. थाटात काम झाले, माझा सत्कारही झाला.

चुन्याची भिंत श्वास घेते. आत गेलेली ओल ती बाहेर टाकते. सिमेंटने मी तिचे तोंड बंद केले. तीन पावसाळ्यांत ओल वर चढली. आतल्या बाजूने क्षार फुटले आणि शत्रुंजयाचा पट पापुद्रे होऊन गळू लागला. पुजाऱ्याने रोज सकाळी ते रंगीत पापुद्रे झाडून कागदाच्या पुडीत भरून ठेवले होते, कारण केरात टाकायला त्याचा हात होईना. मी गेलो तेव्हा त्याने ती पुडी माझ्या हातात दिली. तो काही बोलला नाही. ती पुडी आजही माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर मी तिसऱ्यांदा जैसलमेरला गेलो, लोद्रव्याला थाहरू शाह यांच्या जिनालयात बसलो आणि मनोमन आलोचना केली. गेलेला पट परत येणार नाही. परंतु ज्या चुकीने तो गेला ती चूक इतरांच्या हातून होऊ नये, एवढे प्रायश्चित्त मी करू शकतो. म्हणून हे आज येथे सांगितले.

आपल्या दारी

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या जुन्या उपाश्रयाच्या आणि लाकडी सभामंडपाच्या नूतनीकरणाचा ठराव संघापुढे येणार असल्याचे मला समजले. निर्णय संघाचा आहे आणि तो मला शिरोधार्य आहे. वयाच्या अधिकाराने चार विनंत्या मात्र करतो.

पहिली, काहीही काढण्यापूर्वी सर्व वास्तूचे मोजमाप, छायाचित्रे आणि शिलालेखांचे वाचन करून घ्यावे. दुसरी, ओल दिसली तर आधी पाण्याची वाट शोधावी. छपराची पन्हळ, गटार, नळ. भिंतीला दोष सर्वांत शेवटी द्यावा. तिसरी, चुन्याच्या कामाला चुनाच वापरावा आणि तो जाणणाऱ्या वृद्ध गवंड्याला शोधून त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत. चौथी, उपाश्रयाच्या कपाटातील पोथ्यांची सूची करावी. येत्या ज्ञानपंचमीला केवळ पोथ्यांची पूजा करून न थांबता प्रत्येक पोथी उघडून, झटकून, नव्या वस्त्रात बांधावी. त्यांत आणखी एखादी ‘कुवलयमाला’ नसेलही; पण कोण्या आजीने चातुर्मासात उतरवून घेतलेली स्तवने नक्कीच असतील.

या कामांवर दात्यांची नावे कोरता येत नाहीत, हे मी जाणतो. पन्हळ साफ करणाऱ्याची फलक-प्रतिष्ठा होत नाही. तरीही पुढील पन्नास वर्षे ही वास्तू उभी राहिली, तर ती अशाच कामांच्या बळावर राहील. ज्यांनी हा ट्रस्ट स्थापन केला त्यांतील काही ज्येष्ठ आज पहिल्या रांगेत बसले आहेत. शताब्दीच्या दिवशी आज मागे खेळणारी ही मुले पहिल्या रांगेत असतील. त्यांच्या हातात आपण वास्तू द्यावी, माझ्यासारखी कागदाची पुडी देण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.